क्रमांकपट्टी, कचेरी आणि आपली भाषा

सीमाभागात वाहनाची क्रमांकपट्टी ही केवळ क्रमांकपट्टी राहिलेली नाही. समोरून येणाऱ्या गाडीवरील पहिली दोन अक्षरे वाचून तिचा मालक कोणत्या बाजूचा, याचा निवाडा येथे क्षणात होतो. डिसेंबर २०२२ मध्ये सीमाप्रश्न तापला, तेव्हा बेळगावजवळच्या हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राची क्रमांकपट्टी असलेल्या मालमोटारींवर दगडफेक झाली. त्याच सुमारास पुण्यात कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळा रंग फासण्यात आला. दगड मारणारा असो वा रंग फासणारा, आत बसलेल्याची मातृभाषा कोणती, हे तो विचारत नसतो. क्रमांकपट्टी पाहूनच त्याचा निर्णय झालेला असतो.

आपल्या बाजूनेही या पट्टीला झेंड्याचे रूप दिले गेले आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत राहणारी, परंतु कोल्हापूर किंवा सिंधुदुर्गातील नातेवाइकाच्या पत्त्यावर गाडी घेणारी अनेक कुटुंबे मला ठाऊक आहेत. त्यामागे दोन कारणे असतात. कर्नाटकातील आजीवन कर महाराष्ट्रापेक्षा सामान्यतः अधिक पडतो, हे एक. दुसरे कारण मनातले असते. राज्य पुनर्रचनेने जे दिले नाही, ते निदान गाडीवर तरी मिरवावे, अशी ती भावना. या भावनेचा मी अनादर करीत नाही. तथापि वकिलीच्या जवळपास तीस वर्षांत या दोन अक्षरांपायी आपल्या माणसांना सोसावे लागलेले नुकसान मी पाहिले आहे. म्हणून या लेखात वाहन नोंदणीचा कायदा सीमाभागाच्या दृष्टीने मांडावा, आणि आपला भाषिक हक्क नेमका कोठे मागायला हवा तेही सांगावे, असे योजिले आहे.

'ठेवलेले' या एका शब्दाचे वजन

मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा केंद्राचा कायदा. तो १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्यातील कलम ३९ नुसार नोंदणीशिवाय वाहन रस्त्यावर आणता येत नाही. कलम ४० सांगते की मालकाचे निवासस्थान किंवा व्यवसायाचे ठिकाण जेथे आहे आणि वाहन सामान्यतः जेथे ठेवले जाते, त्या राज्यात नोंदणी करावी. कलम ४६ नुसार एका राज्यातील नोंदणी संपूर्ण भारतात ग्राह्य असते. म्हणजे 'एमएच-०९' ची गाडी बेळगावात येणे, राहणे, फिरणे यात बेकायदा असे काही नाही. 'केए-२२' ची गाडी घेऊन चोर्ला घाटातून गोव्यात कामाला जाणारा तरुणही पूर्णपणे कायद्यात असतो.

या मोकळिकीला कलम ४७ ची मर्यादा आहे. एका राज्यात नोंदलेले वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवले गेले, तर मालकाने त्या दुसऱ्या राज्यात नवा नोंदणी क्रमांक मिळण्यासाठी अर्ज करावा लागतो. हा अर्ज नमुना २७ मध्ये होतो, आणि त्यासोबत मूळ राज्याचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. वडोदऱ्यातून इंदूरला किंवा ग्वाल्हेरहून पुण्याला स्थलांतर करणाऱ्या मराठी कुटुंबालाही हाच नियम लागू होतो.

यात कळीचा शब्द आहे 'ठेवलेले'. कायदा येथे मालकाचा अधिवास विचारत नाही, मातृभाषा विचारत नाही, त्याचे गाव १९५६ पूर्वी कोणत्या राज्यात होते हेही विचारत नाही. वाहन रात्री कोठे उभे असते, एवढाच त्याचा प्रश्न आहे. मराठीत आपण 'रहिवासी', 'वास्तव्य' आणि 'अधिवास' हे शब्द सैलपणे एकमेकांच्या जागी वापरतो. कायद्यात त्यांची घरे वेगळी आहेत. वास्तव्य म्हणजे प्रत्यक्ष राहणे, तर अधिवास म्हणजे कायमचे घर मानून राहण्याचा हेतू. माणसाच्या बाबतीत हेतूचा विचार होतो. गाडीला हेतू नसतो, म्हणून तिच्यापुरते ठिकाण आणि काळ पाहिले जातात.

कराची वाट मात्र निराळी आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत यंत्रचलित वाहने हा विषय समवर्ती सूचीत, पण वाहनांवरील कर हा राज्यसूचीत आहे. त्यामुळे नोंदणीचा नियम देशभर एक आणि कर मात्र राज्यागणिक वेगळा, अशी रचना झाली. कर्नाटकाने २०१४ मध्ये आपल्या करकायद्यात दुरुस्ती करून परराज्यातील वाहन तीस दिवसांहून अधिक काळ राहिल्यास आजीवन कर मागण्याची तरतूद केली. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ती रद्दबातल ठरवली. केंद्रीय कायदा बारा महिन्यांची मुभा देतो, तेथे राज्याने तीस दिवसांत संपूर्ण आयुष्याचा कर मागणे टिकणारे नव्हते. हा निकाल आपल्या भागातील अनेकांना आजही माहीत नाही, आणि नाक्यावर 'तीस दिवस' हे शब्द ऐकले की त्यांची पावले थेट एजंटाकडे वळतात.

पट्टीवर मराठी नाही आणि कन्नडही नाही

येथे आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. महाराष्ट्रात क्रमांकपट्टीवर देवनागरी अंक आणि कर्नाटकात कन्नड अंक रंगवण्याची हौस दिसते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ५० नुसार नोंदणी चिन्हातील अक्षरे इंग्रजी आणि अंक आंतरराष्ट्रीय स्वरूपाचेच असावे लागतात. दोन्ही बाजूंच्या भाषाभिमान्यांना हा नियम सारखाच लागू आहे. १ एप्रिल २०१९ नंतरच्या नव्या वाहनांना उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी अनिवार्य झाली, तेव्हापासून तर रंगाऱ्याच्या कुंचल्याला नव्या गाडीवर काही वाव राहिलेला नाही. पट्टीवर आपल्या भाषेला जागा नाही, याचा खेद करण्याचे कारण नाही. ती परराज्यातील शिपायाला आणि कॅमेऱ्याला वाचता यावी, एवढ्यासाठीच आहे.

आपली भाषा जेथे असायला हवी ती जागा कचेरीच्या खिडकीशी आहे.

खिडकीच्या दोन्ही बाजूंचे शब्द

बेळगावच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाला कन्नडमध्ये 'प्रादेशिक सारिगे कचेरी' म्हणतात. 'कचेरी' आपलीच. अर्जाला 'अर्जी', मालकाला 'मालीक', सहीला 'सही', दंडाला 'दंड'. नोंदणीला तर कन्नडमध्येही 'नोंदणी'च म्हणतात. आपल्या परवानगीसारखाच 'परवानगी' हा शब्द तेथे वाहन चालवण्याच्या परवान्यासाठी येतो. हस्तांतरणाला 'वर्गावणे' म्हणतात, आणि आपण रक्कम 'वर्ग' करतो हे आठवले की तो शब्दही ओळखीचा वाटतो. धुराच्या चाचणीला 'होगे तपासणे' म्हणतात. त्यातला 'होगे' म्हणजे धूर, आणि 'तपासणे' ही उघडच आपली तपासणी. शतकानुशतके एकाच दप्तरात काम केलेल्या दोन भाषांच्या या खुणा आहेत. कन्नडशी वैर धरून हा इतिहास पुसता येणार नाही, आणि तो पुसावा असे मला वाटतही नाही.

तथापि अर्धवट ओळख कधीकधी पूर्ण अनोळखीपणाहून घातक ठरते. 'विळास' या कन्नड शब्दाचा अर्थ पत्ता. आपल्याला तो 'विलास' वाटतो. 'मालिन्य' म्हणजे प्रदूषण. आपल्याकडे मालिन्य मनाचे असते. 'तेरिगे' म्हणजे कर, आणि 'निराक्षेपणा पत्र' म्हणजे ना-हरकत प्रमाणपत्र. बोलण्यापुरते कन्नड येणाऱ्या आपल्या माणसाला बाजारात काही अडत नाही. पण कायद्याच्या कन्नडमध्ये छापलेली नोटीस हातात पडली की तो चार ओळखीच्या शब्दांवरून अर्थ लावतो, आणि राहिलेल्या शब्दांमध्येच त्याचा हक्क दडलेला असतो.

एक उदाहरण देतो. टाळेबंदीच्या काळात पुण्यातील नोकरी घरून करण्यासाठी एक तरुण आपली गाडी घेऊन बेळगावास परतला. आठ महिन्यांनी तपासणी पथकाने गाडी अडवली आणि पुढे त्याला कन्नडमध्ये नोटीस आली. त्यातील 'तेरिगे' आणि 'दंड' हे दोन शब्द त्याला कळले. त्याने एजंट गाठला आणि आजीवन कराची पूर्ण रक्कम भरून टाकली. पुढे दुसऱ्याच कामासाठी तो माझ्याकडे आला, तेव्हा ते कागद मी वाचले. नोटिशीने कर भरण्याचा आदेश दिलेलाच नव्हता. वाहन राज्यात केव्हा आले याचा पुरावा सात दिवसांत सादर करावा, नाहीतर कर आकारला जाईल, असे तिच्यात लिहिले होते. त्याच्याकडे टोलच्या नोंदी होत्या, कंपनीचे पत्र होते. बारा महिने पुरे व्हायला चार महिने बाकी होते. एक वाक्य मराठीत असते, तर मोठी रक्कम त्याच्या खिशात राहिली असती. परताव्यासाठी अर्ज करून त्याला दीड वर्ष हेलपाटे घालावे लागले.

विक्री झाली, नोंद राहिली

मालकी आणि नोंदणी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे आपल्या लोकांना सर्वांत जड जाते. वस्तूंच्या विक्रीच्या कायद्यानुसार पैसे देऊन-घेऊन, ताबा देऊन मालकी हस्तांतरित होऊ शकते. पण मोटार वाहन कायद्यात 'मालक' म्हणजे ज्याच्या नावे वाहन नोंदलेले आहे तो. कलम ५० नुसार त्याच राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि परराज्यात झाली तर पंचेचाळीस दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवायचे असते. घेणाऱ्याने तीस दिवसांत आपल्या बाजूने कळवायचे असते. सीमाभागात गाडी एका राज्यात आणि घेणारा दुसऱ्या राज्यात, असे नेहमीच घडते. त्यामुळे ना-हरकत प्रमाणपत्राचा टप्पा वाढतो आणि तेथेच काम रखडते.

निपाणीकडील एका वृद्ध शेतकऱ्याने आपली मोटारसायकल कागल तालुक्यातील ओळखीच्या माणसाला विकली. मुद्रांकावर मराठीत व्यवस्थित करार केला, दोन साक्षीदार घेतले. नमुना २९ आणि ३० या इंग्रजी कागदांवर कोऱ्याच सह्या केल्या आणि ते मध्यस्थाच्या स्वाधीन केले. पुढे दोन वर्षांनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस त्यांच्या दारात आली. गाडीने कोणाला तरी धडक दिली होती, विमा संपलेला होता, आणि नोंदणी अजून त्यांच्याच नावावर होती. करारपत्र माझ्यापुढे ठेवून ते म्हणाले, "वकीलसाहेब, गाडी इकून दोन वर्सं झाली, पैसं मोजून घेतलं. आता ती माझी कशी हो?"

त्यांचा प्रश्न व्यवहाराच्या दृष्टीने बिनतोड होता. परंतु सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की नोंदणी ज्याच्या नावे राहिली, तोच अपघातग्रस्ताच्या भरपाईसाठी मालक मानला जाईल. जखमी माणसाने गाडी किती हातांतून गेली याचा शोध घेत फिरावे, अशी कायद्याची अपेक्षा नाही. हे तत्त्व न्याय्य आहे. पण त्याची किंमत त्या शेतकऱ्याला मोजावी लागली. भरपाईचा आदेश त्यांच्यावरही झाला. घेणाऱ्याकडून ती रक्कम वसूल करण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता, पण त्या वयात दुसऱ्या राज्यातील न्यायालयात चकरा मारण्याचे बळ त्यांच्यात नव्हते. त्यांनी सही केलेल्या नमुन्यांचा अर्थ त्या दिवशी कोणी त्यांना त्यांच्या भाषेत समजावला असता, तर ते स्वतः पोच घेतल्याशिवाय घरी गेले नसते, अशी माझी खात्री आहे.

पोच हा शब्द मी मुद्दाम वापरला. कलम ४८ मध्ये एक तरतूद आहे, तिचा लाभ फार थोडे लोक घेतात. ना-हरकत प्रमाणपत्रासाठी अर्ज केल्यावर प्राधिकाऱ्याने पोच द्यायची असते. त्यानंतर तीस दिवसांत त्याने प्रमाणपत्र द्यावे, किंवा लेखी कारणे देऊन नाकारावे. तीस दिवसांत नकार कळवला नाही, तर प्रमाणपत्र दिले असे कायदाच मानतो. पण ते तीस दिवस मोजायचे कोठून? पोचेवरील तारखेपासून. ज्याच्याजवळ पोच नाही, त्याच्यासाठी ही तरतूद नसल्यासारखीच.

धुराला सीमा नाही

धूर तपासणीच्या बाबतीत मात्र राज्यांचा भेद जवळजवळ मिटला आहे. पहिल्या नोंदणीपासून एक वर्ष झाले की प्रत्येक वाहनाजवळ वैध पीयूसी प्रमाणपत्र असावे लागते. भारत स्टेज चार व सहा मानकांच्या वाहनांना ते बारा महिने चालते, त्याआधीच्या वाहनांना सहा महिने. पेट्रोलच्या गाडीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, डिझेलच्या गाडीत धुराची घनता. २०२१ पासून या प्रमाणपत्राचा नमुना देशभर एकच झाला आणि नोंद मध्यवर्ती वाहन प्रणालीशी जोडली गेली. त्यामुळे निपाणीत काढलेले प्रमाणपत्र कागलमध्ये नाकारण्याचे कारण उरलेले नाही. गाडी चाचणीत नापास झाली तर कारणासह नकारपत्र मिळण्याची सोयही तेव्हाच झाली. ते जरूर मागून घ्यावे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९० खाली दंडाची कमाल मर्यादा दहा हजार रुपये झाली आहे, शिवाय कैद आणि परवाना तीन महिने निलंबित होण्याची तरतूदही आहे. क्रमांकपट्टीचा अभिमान बाळगणाऱ्याने वर्षातून एकदा या प्रमाणपत्राची तारीख पाहिलेली बरी.

मागणी कोठे करायची

आता भाषिक हक्काकडे येतो. घटनेच्या अनुच्छेद ३५० नुसार कोणत्याही व्यक्तीला आपल्या गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी संघराज्याच्या वा राज्याच्या अधिकाऱ्याकडे, तेथे वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन देता येते. मराठी ही कर्नाटकात वापरात असलेली भाषा आहे, याविषयी कोणी प्रामाणिकपणे वाद घालू शकणार नाही. म्हणून कराच्या नोटिशीवरील आक्षेप, रखडलेल्या ना-हरकत प्रमाणपत्राची तक्रार, परताव्याची विनंती, हे सारे मराठीत लिहून देण्याचा अधिकार आपल्याला आहे. या अनुच्छेदाची मर्यादाही सांगायला हवी. निवेदन कोणत्या भाषेत द्यावे हे तो सांगतो. उत्तरही त्याच भाषेत मिळेल, असे त्याच्या शब्दांत नाही. ती पोकळी भरण्यासाठी १९५६ च्या भाषिक अल्पसंख्याकांविषयीच्या ज्ञापनाचा आधार घ्यावा लागतो. जेथे भाषिक अल्पसंख्याक पंधरा ते वीस टक्के असतील, तेथे महत्त्वाच्या शासकीय सूचना व नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध करणे हितावह आहे, असे त्यात म्हटले होते. वाहनकराची नोटीस महत्त्वाची नाही, असे कोण म्हणेल?

आपल्या चळवळीने पाट्यांसाठी, शाळांसाठी, सातबाऱ्याच्या उताऱ्यांसाठी दीर्घ लढा दिला आहे. परिवहन कचेरीतील कागद त्या यादीत तळाशी राहिले, कारण ते क्षुल्लक वाटतात. पण आज ज्या घरात सातबारा नाही, त्या घरातही दुचाकी आहे. सामान्य मराठी माणसाचा शासनाशी जो संबंध येतो, त्यातला मोठा भाग या खिडकीशी येतो.

तेव्हा सीमाभागातील वाचकांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात, एवढे माझे सांगणे. गाडी जेथे खरोखर राहते तेथेच नोंदवावी. परराज्यातून आणली असेल तर आल्याच्या तारखेचा पुरावा, म्हणजे टोलची नोंद, इंधनाची पावती, नोकरीचे पत्र, जपून ठेवावा आणि बारा महिन्यांची तारीख दिनदर्शिकेवर लिहावी. मूळ राज्यात भरलेल्या कराचा उरलेल्या काळाचा परतावा मागावा. तो आपोआप मिळत नाही. वरचेवर बदली होणारे सरकारी कर्मचारी आणि चार वा अधिक राज्यांत कचेऱ्या असलेल्या कंपन्यांतील नोकरदार यांना २०२१ पासून 'बीएच' मालिकेचा पर्याय आहे, त्याचा विचार करावा. गाडी विकली तर नोंदणी नव्या नावावर झाल्याचे स्वतः पाहावे, कोऱ्या नमुन्यावर सही करू नये. कचेरीत दिलेल्या प्रत्येक कागदाची तारखेसह पोच घ्यावी. आणि न कळणाऱ्या भाषेतील नोटीस आली तर पैसे भरण्याआधी ती ओळ न ओळ वाचून घ्यावी, व आपले उत्तर मराठीत, अनुच्छेद ३५० चा उल्लेख करून द्यावे. एकाचे उत्तर कदाचित बाजूला ठेवले जाईल. शंभर जणांची मराठी उत्तरे दप्तरात जमा झाली, तर ती वाचणारा मराठी जाणकार त्या कचेरीला नेमावाच लागेल.

गाडीवर 'केए' असल्याने कोणाचे मराठीपण उणे होत नाही. खिडकीवरचा कागद न वाचता सही करण्याची सवय मात्र पिढ्यानुपिढ्या आपल्याला उणे करीत आली आहे. ती सवय मोडण्यासाठी कोणत्याही आयोगाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही.